मानधन सोडून काहीही मागा

कंपनी कायदा, 2013 च्या कलम 135 ने आपल्यासारख्या मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करण्यास सांगितल्यामुळे, समाजाचे आपण नेमके किती देणे लागतो हा अवघड प्रश्न आपल्यापुरता सुटला आहे. आता एवढेच पाहायचे की, हे पैसे गावातल्या एखाद्या लहान संस्थेला पोचावेत, पण तिला त्यांची सवय लागू नये.

त्यासाठी घाई टाळावी. एप्रिल ते फेब्रुवारी हा काळ प्रस्ताव, सुधारित प्रस्ताव आणि सुधारित प्रस्तावाचे सादरीकरण यांना पुरतो. रक्कम मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात जमा करावी आणि 31 मार्चपर्यंतचे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामी खर्च झाल्याचा दाखला, त्याच टपालाने मागवावे. दीर्घ मुदतीच्या प्रकल्पाची उरलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून पुढील तीन वर्षांत खर्च करता येते अशी तरतूद आहे खरी, परंतु तिचा उल्लेख बैठकीत आपणहून करू नये. दहा दिवसांत वर्षभराची बालवाडी चालवता आली नाही, तर संस्थेची क्षमता कमी पडते असा शेरा मारून क्षमतावृद्धीची दोन दिवसांची निवासी कार्यशाळा पुण्यातल्या चांगल्या हॉटेलात भरवावी.

पैसे नेहमी वस्तूंना द्यावेत, माणसांना कदापि नाही. कारण वस्तूवर नाव रंगवता येते. मी पाहिलेल्या एका शाळेत पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रावरचा फलक यंत्रापेक्षा मोठा होता. आतली जाळी बदलायला कोणत्याच शीर्षाखाली पैसे नसल्याने यंत्र बंद होते, पण फलकाची सावली ऐसपैस पडत असे आणि मुले तिच्यात बसून घरून आणलेले पाणी पीत असत.

सर्वांत जपायचे ते संस्थेच्या हिशेबनिसापासून. तो पगार मागतो. सीएसआर, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या, नियमांतली प्रशासकीय खर्चाची 5 टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या व्यवस्थापन खर्चाला आहे, प्रकल्प राबवणाऱ्या माणसांच्या मानधनाला नाही, हे 2021 च्या सुधारित नियमांतील व्याख्येवरून कळते. तरीही नियमावर बोट ठेवून ती मर्यादा संस्थेलाच लावावी, कारण समोरचा कार्यकर्ता राजपत्र उघडून बसलेला नसतो. मग त्याच बिनपगारी हिशेबनिसाकडून तिमाही अहवाल इंग्रजीत, छायाचित्रे अक्षांश-रेखांशासह, असा निधी घेणाऱ्या संस्थांनी सरकारकडे भरायच्या सीएसआर-1 अर्जाचा नोंदणी क्रमांक, देणगीदाराला करसवलत मिळवून देणारे 80-जी चे प्रमाणपत्र आणि धर्मादाय आयुक्तांकडे दाखल केलेला बदल अर्ज मागवावा. एखाद्या विश्वस्ताचे निधन होऊन तो अर्ज प्रलंबित असेल, तर शोक व्यक्त करावा आणि हप्ता थांबवावा.

एवढे होऊनही संस्था तग धरून राहिली, तर तिला स्वावलंबनाचा उपदेश करावा. मनोरुग्णांचे आश्रयस्थान चालवणाऱ्यांनाही ‘तुमचे उत्पन्नाचे प्रारूप काय?’ असे विचारता येते. उत्तर म्हणून ते बहुधा मेणबत्त्या दाखवतात, आणि दिवाळीत त्यांतल्या पन्नास विकत घेतल्या की आपण सामाजिक उद्योजकतेला चालना दिली असे वार्षिक अहवालात लिहिता येते. अधिक महत्त्वाकांक्षी संस्थेला सामाजिक शेअर बाजाराची वाट दाखवावी. 2019 च्या अर्थसंकल्पात त्याची घोषणा झाली आणि शेअर बाजारांची नियामक संस्था सेबीने 2022 मध्ये त्याची नियमावली केली. तेथे संस्थांना असे रोखे काढता येतात, ज्यांवर व्याज मिळत नाही आणि मुद्दलही परत येत नाही. माझी आजी याला दान म्हणत असे. परंतु तिच्याजवळ डीमॅट खाते नसल्याने तिचे दान बिचारे अशास्त्रीयच राहिले.

वर्षातून एकदा मात्र प्रत्यक्ष पाहणीस अवश्य जावे. बचत गटाच्या बायकांना सकाळी दहापासून बसवून ठेवण्यास सांगावे आणि आपण दीड वाजता पोचावे, म्हणजे छायाचित्रात त्यांच्या चेहऱ्यांवर गरज दिसते. परतल्यावर हिशेब तपासताना, फाट्यापासून आपल्या गाडीला वाट दाखवत पुढे गेलेल्या कार्यकर्त्याच्या मोटारसायकलचे 200 रुपयांचे पेट्रोल नजरेस पडेल. ते नामंजूर करावे. तो प्रशासकीय खर्च आहे.