अंतर भागिले ९००: विमानप्रवासाचं फसवं गणित

‘विमान ताशी ९०० किलोमीटरने उडतं. नकाशावर दोन विमानतळांमधलं अंतर मोजा, ९००ने भागा, वेळ मिळाला. जास्त लागला तर कंपनीने मुद्दाम वळसा घेतला. जाता-येता फरक पडतो तो पृथ्वी फिरते म्हणून.’ हा संदेश सगळीकडे फिरतो आहे. त्यातला ९००चा आकडा तेवढा ठीक आहे, पण तो वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेतला आहे, जमिनीच्या तुलनेतला नाही.

आधी पृथ्वीचं फिरणं. ५० अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,०७० किलोमीटरने पूर्वेकडे सरकते. संदेश खरा असता, तर पूर्वेला निघालेलं विमान मुक्काम कधी गाठूच शकलं नसतं आणि पश्चिमेचा प्रवास चुटकीसरशी झाला असता. प्रत्यक्षात उलटं घडतं: न्यूयॉर्कहून लंडनला लवकर पोचतात, परतताना उशीर लागतो. हवाही पृथ्वीसोबतच फिरते. फरक पाडतो जेट स्ट्रीम, म्हणजे साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून वाहणारा जोरदार वारा. फेब्रुवारी २०२०मध्ये त्याच्याच जोरावर ब्रिटिश एअरवेजचं ७४७ विमान ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोचलं.

आता हिशोब. न्यूयॉर्क–लंडन अंतर सुमारे ५,५५० किलोमीटर. वारा नसेल तर ६ तास १० मिनिटं. ताशी १०० किलोमीटरचा वारा पाठीशी असेल तर ५ तास ३३ मिनिटं, समोरून असेल तर ६ तास ५६. जाताना ३७ मिनिटं वाचली, येताना ४६ गेली. फिटंफाट होत नाही ती नाहीच.

वर आणखी ३० ते ४५ मिनिटं धरायचीच. वेळापत्रकातला वेळ गेट सोडल्यापासून पुढच्या गेटला लागेपर्यंतचा असतो. त्यात धावपट्टीपर्यंतची रांग येते, आणि १०,००० फुटांखाली बहुतेक ठिकाणी पाळावी लागणारी २५० नॉटची, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरची मर्यादाही. कंपन्या उशिराची थोडी मोकळीक ठेवतात, हे मात्र खरं.

वळशाचं काय? सपाट नकाशावर वाकडा दिसणारा मार्गच बहुधा जवळचा असतो. ६० उत्तर अक्षांशावर, उत्तर ध्रुवाच्या बरोबर विरुद्ध बाजूंना असलेली दोन ठिकाणं घ्या. अक्षांश धरून गेलात तर सुमारे १०,००० किलोमीटर, ध्रुवावरून गेलात तर ६,६७०. खरे वळसेही असतात, पण कारणं वेगळी: २०२२मध्ये रशियाचं आकाश बंद झाल्यावर हेलसिंकी–टोकियो प्रवास सुमारे साडेनऊ तासांवरून तेरावर गेला. उत्तर अटलांटिकवरचे मार्ग तर वारा बघून रोज नव्याने आखतात. थोडं लांबून जाऊनही वेळ वाचतो.

तिकिटावरच्या वेळांची थेट वजाबाकीही करू नका, त्या स्थानिक असतात. दोन्ही यूटीसीत, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत आणा. न्यूयॉर्क–लंडन फरक एरवी ५ तास. पण अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, ब्रिटन शेवटच्या. मधल्या काळात तो ४च असतो.