सुट्टे नाहीत म्हणे!

पेरू देशातल्या कुस्को शहरात इंग्रजी शिकवून कमावलेले पैसे खर्च करताना रोज डोकं फिरतं. पाकिटात पैसे आहेत, समोर माल आहे, विकणारी बाई विकायलाच बसली आहे, आणि तरी व्यवहार होत नाही. "नो आय सेन्सियो." सुट्टे नाहीत!

मी शिकवते तिथे तासावर पैसे मिळतात. महिनाअखेर उलटून गेल्यावर, चार वेळा मागितल्यावर, लिफाफ्यातून शंभर आणि दोनशे सोलच्या (सोल म्हणजे इथलं चलन) नोटा हातात येतात. दोनशेची नोट! शहरातल्या कोंबीत, म्हणजे छोट्या प्रवासी व्हॅनमध्ये, सोलभरात प्रवास होतो, तिथे दोनशेची नोट कोणाच्या हातात ठेवू? बरं, एटीएममधून काढावेत तर तिथूनही शंभराच्याच नोटा, वर परदेशी कार्ड म्हणून दर वेळी कमिशन. दहाच्या आणि वीसच्या नोटा या देशात छापतात ना? मग त्या मशीनमध्ये का भरत नाहीत?

सान पेद्रोच्या मंडईत फळवाल्या मावशी माझी नोट आधी उजेडाकडे धरतात, बोटाने चोळतात, तिरकी करून रंग बदलतो का बघतात. त्यांचं बरोबरच आहे. नकली नोटांचा इथे सुळसुळाट आहे आणि एक गळ्यात पडली की त्यांची दिवसभराची कमाई गेली. पण मग कडेला केसाएवढी फाटलेली दिसते आणि नोट परत माझ्या हातात. खराब झालेली नोट कुठल्याही बँकेत बदलून मिळते असं इथली केंद्रीय बँकच सांगते. पण त्यासाठी गाळा सोडून बँकेच्या रांगेत कोण उभं राहणार? मावशी नाही राहणार, मीच राहायचं. डॉलरचं तर विचारूच नका. आवेनिदा एल सोल या रस्त्यावरचे पैसे बदलून देणारे पेनाचा ठिपका दिसला तरी नोट परत सरकवतात.

मला राग मावशींचा येत नाही. सकाळपासून प्रत्येक गिऱ्हाईक शंभराची नोट पुढे करतंय, त्यांनी सुट्टे आणायचे कुठून? राग येतो तो भरलेला गल्ला उघडा ठेवून "सुट्टे नाहीत का?" विचारणाऱ्या सुपरमार्केटच्या काउंटरचा, आणि मोठ्या नोटा लोकांच्या अंगावर टाकून मोकळ्या होणाऱ्या बँकांचा आणि मालकांचा.

बस टर्मिनलवर तर कहर. पुनो शहराचं तिकीट आधीच काढलेलं असतं, तरी फलाटावर जायला टर्मिनलची वेगळी पावती फाडावी लागते, सोल-दोन सोलची. स्वच्छतागृहालाही नाणं. खिडकीतली बाई शंभराच्या नोटेकडे बघून मान हलवते, बाहेर बस सुरू झालेली. मग ३,४०० मीटर उंचीवर, पाठीवर सॅक घेऊन, धापा टाकत टपऱ्या पालथ्या घालायच्या. नको असलेली बिस्किटं घ्यायची, आणि टपरीवाला म्हणतो, अजून काहीतरी घ्या, एवढ्यावर शंभर मोडत नाही. आपल्या एसटीचा कंडक्टर निदान तिकिटाच्या मागे बाकी लिहून देतो, उतरताना हक्काने मागता येते. इथे लिहून द्यायलाही कोणी तयार नाही.

"मोबाइलवरून भरा ना, प्रोफे," असं विद्यार्थी म्हणतात. गाळ्यागाळ्यावर कोड चिकटवलेले आहेत, मलाही दिसतात. पण त्यासाठी इथलं ओळखपत्र लागतं, आणि माझ्या रहिवासी कार्डाचा अर्ज कुठल्यातरी टेबलावर पडून आहे. शिकवायला मी चालते, फॉर्म भरताना मात्र परकी!

पुढच्या पगाराला दोनशेची नोट मी हातात घेणार नाही, शंभराचीही नाही. दहा-वीसच्या नोटा मोजून द्या. त्या नसतील तर पाच-पाच सोलच्या नाण्यांची पिशवी द्या. जड झाली तरी उचलून नेईन.