स्पॅनिश उठाबशा

"मी काल सकाळी सहाला उठलो" हे एवढंसं वाक्य धड बोलायला मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी तीन आठवडे लागले. लेक स्पेनमध्ये, व्हॅलेन्सियाला असते. तिच्याकडे गेल्यावर निदान भाजीवाल्याशी तरी बोलता यावं म्हणून निवृत्तीनंतर ऑनलाइन वर्ग लावला. शिकवणाऱ्या मॅडम लेकीच्याच वयाच्या. मला 'काका' म्हणतात आणि त्याच गोड आवाजात चुका काढतात.

मराठीत माणूस उठतो, विषय संपला. स्पॅनिशमध्ये तो स्वतःला उचलतो. 'लेबान्तार' म्हणजे उचलणे, त्याला 'से'चं शेपूट लावलं की उठणे. वाक्यात वापरताना हे शेपूट उडी मारून क्रियापदाच्या पुढे जाऊन बसतं आणि माणूस पाहून रंगही बदलतं. मी उठलो, मे लेबान्ते. तू उठलास, ते लेबान्तास्ते. तो उठला, से लेबान्तो. 'आम्ही उठतो' आणि 'आम्ही उठलो' मात्र एकच, नोस लेबान्तामोस. अख्ख्या प्रकरणात मला तेवढंच आवडलं. म्हणून पहिला आठवडाभर मी सगळीकडे बायकोला बरोबर घेऊनच उठत होतो.

खरी मेख जोराची. भूतकाळात 'मी उठलो' आणि 'तो उठला' म्हणताना जोर शेवटच्या अक्षरावर द्यायचा. आपण शब्द सपाट बोलणारी माणसं, जोर लावतो तो भांडताना. मी एकदा हिय्या करून 'तो'वर दणकून जोर दिला आणि म्हणालो, "मे लेबान्तो!" मॅडम म्हणाल्या, "काका, कोणी उचललं तुम्हाला?" वाक्याचा अर्थ 'त्याने मला उचललं' असा झाला होता.

उठून झालं की बसायचं. 'मे सिएन्तो' म्हणजे 'मी बसतो' आणि 'मला वाटतं'ही. वर्तमानकाळात दोघं एका सतरंजीवर सुखाने नांदतात, भूतकाळात वाटण्या होतात. बसलो तर 'मे सेन्ते', वाटलं तर 'मे सेन्ती'. 'काल बरं वाटत नव्हतं म्हणून वर्गाला आलो नाही' असं मी अदबीने कळवलं. प्रत्यक्षात कळवलं ते असं की मी वाईट पद्धतीने बसलो. तेही खोटं नव्हतं म्हणा, कंबर धरलीच होती.

मग विचारलं, लग्न कधी झालं? "कासे, 1992," मी म्हणालो. 'मे' राहिला. 'मे'शिवाय ते लग्न लावून देण्याकडे जातं, म्हणजे मी भटजी झालो. इथे मात्र शाळेतलं संस्कृत धावून आलं. 'यजति' म्हणजे दुसऱ्यासाठी यज्ञ करतो, तो पुरोहित. 'यजते' म्हणजे स्वतःसाठी करतो, आणि त्यातूनच आला 'यजमान'. पाणिनीचं आत्मनेपद हे! अगदी तंतोतंत नसेल, पण माझ्यासारख्याला बुडताना काडी पुरते. उत्साहात मी वाक्य सुधारलं, "मे कांसे!" मॅडम खोकल्या. 'मे कासे' म्हणजे माझं लग्न झालं, 'मे कांसे' म्हणजे मी दमलो. एका अनुस्वाराचा फरक. बायको शेजारच्या खोलीत मटार सोलत होती, तिला स्पॅनिश येत नाही, हे माझं नशीब.

एवढ्या छळानंतर या भाषेने एक गोष्ट मात्र हातावर ठेवली. कप फुटला तर स्पॅनिश माणूस सहसा 'मी फोडला' म्हणत नाही. तो म्हणतो, 'से मे रोम्पियो'. कप आपला आपण फुटला, मी फक्त तिथे होतो. अनेक बशा फुटल्या तर क्रियापदही बशांच्या मागे अनेकवचनात जातं, 'से मे रोम्पिएरोन'. विसरलो असेल तर 'से मे ओल्विदो', मला विसर पडला. हे ऐकून मी खुर्चीतून उठलोच (मे लेबान्ते, बिनचूक). अहो, हे तर आपल्या घरचं! माझ्या हातून फुटला, माझ्याकडून राहिलं. या एका प्रयोगात मला पैकीच्या पैकी मिळाले. आयुष्यभराचा सराव होता.

परवा लेकीने पाठवलेला नक्षीचा कप भांडी पुसताना फरशीवर गेला. बायको धावत आली.

"से मे रोम्पियो," मी म्हणालो.

"मराठीत सांगा."

"माझ्या हातून फुटला."

"हातून म्हणजे? हात कुणाचा?"

मी तुकडे गोळा करत होतो. ती केरसुणी घेऊन उभी होती आणि हलत नव्हती.

"रोम्पी," मी म्हणालो. मी फोडला. जोर अगदी बरोबर शेवटच्या अक्षरावर पडला.