पत्ता शहराचा, घर कुणाचंच नाही

"तुमचं घर आमच्या हद्दीत येत नाही." सिटी हॉलच्या खिडकीवर हे ऐकून डोकंच सणकलं. लायसन्सवर, विजेच्या बिलावर, सगळीकडे त्याच शहराचं नाव आहे! पण ते नाव फक्त पोस्टापुरतं. कॅलिफोर्नियातला आमचा भाग कुठल्याच शहरात मोडत नाही, म्हणून बांधकामाचं परमिट काउंटीकडे, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या प्रशासनाकडे, चाळीस मैलांवर.

आई-बाबांसाठी मागच्या अंगणात छोटं घर बांधायचंय, बस. प्लॅनिंगवाले म्हणतात, आधी सेप्टिक टँकची मंजुरी आणा. ती देणार आरोग्य खातं. ते म्हणतात, विहिरीपासून १०० फूट अंतर दाखवा. मग अग्निशमनवाले: बंब वळायला जागा कुठाय? प्रत्येकाची फी वेगळी, आणि एकाने काय सांगितलं ते दुसऱ्याच्या गावी नाही.

सगळ्यात जास्त चीड येते ती ६० दिवसांची. राज्याचा कायदा सांगतो, अशा घराच्या अर्जावर ६० दिवसांत निर्णय द्यायलाच हवा. पण ते दिवस मोजायचे अर्ज 'पूर्ण' झाल्यापासून! आणि आमचा अर्ज पूर्ण होतच नाही. आधी नकाशावर उत्तरेचा बाण नव्हता. मान्य. तो काढून दिला, तर तीन आठवड्यांनी पत्र: प्रोपेनच्या टाकीचं अंतर लिहिलेलं नाही. अहो, मग पहिल्याच वेळी दोन्ही सांगायला काय झालं होतं? नकाशा तोच, तपासणाराही तोच!

बाबांना आता जिने चढवत नाहीत. पुण्याहून दर रविवारी फोनवर विचारतात, "झालं का रे काम?"