खात्री कुणाची पटली?

"काही केल्याशिवाय पोलीस कुणाला उचलून नेतात का?"

गेल्या रविवारी फोनवर दादाने हे वाक्य टाकलं आणि माझा चहा तसाच निवून गेला. हे वाक्य काही नवीन नाही. सोलापूरच्या कुठल्याही कट्ट्यावर ऐकू येतं, मुंबईच्या लोकलमध्ये येतं, इथे मलेशियात, केएलमध्ये म्हणजे क्वालालंपुरात, मामक खानावळीच्या टेबलावर शेजारचे निवृत्त मास्तरही तेच म्हणतात. पण दादाने म्हणावं? त्याच्या वडिलांना, म्हणजे आमच्या काकांना, जुलै १९७५ मध्ये साखर पेठेतल्या घरातून रात्री नेलं आणि फेब्रुवारी १९७७ मध्ये सोडलं. काय केलं होतं काकांनी? समाजवादी होते, हातमाग कामगारांच्या सभा घ्यायचे, चार भिंतींवर चुन्याने घोषणा लिहायचे. दादा तेव्हा सात वर्षांचा होता. वडिलांचा हात धरून रस्त्यापर्यंत तोच गेला होता.

बोलणं सुरू झालं ते काकूच्या पैशांवरून. आणीबाणीतल्या बंदिवानांना सरकार मानधन देतं. ते २०१८ मध्ये सुरू झालं, २०२० मध्ये बंद पडलं, २०२२ मध्ये परत सुरू झालं आणि २०२५ मध्ये दुप्पट झालं. काकूला पत्नी म्हणून महिन्याला १० हजार मिळतात. दादा त्यावर खूश होता, मीही होतो. तिच्या गुडघ्यांची औषधं त्यातून निघतात. तिथून गाडी महाराष्ट्राच्या नव्या जनसुरक्षा कायद्यावर गेली आणि दादा म्हणाला, "तेव्हाचे लोक वेगळे होते रे. आत्ता ज्यांना धरतील ते काय संत आहेत?"

मला राग आला तो इथे. काका संत होते म्हणून त्यांना तुरुंगात टाकणं चूक होतं का? ते भांडखोर असते, सरकारला शिव्या देणारे असते (आणि ते देतच होते), तरी चूकच होतं. चूक माणूस निवडण्यात झाली नव्हती. कारण न सांगता माणूस नेता येतो, असा कायदा करणं हीच चूक होती.

तो कागद मी पाहिलेला आहे. काकूच्या पत्र्याच्या पेटीत, लग्नातल्या इरकलीखाली, चार घड्या घातलेला. टंकलेखन यंत्राची कार्बन प्रत. घडीवर विरलेली, उजव्या कोपऱ्यात गंजलेल्या टाचणीचा डाग. वर काकांचं नाव, त्यातही वडिलांच्या नावात एक अक्षर चुकलेलं. खाली मजकूर इतकाच, की सार्वजनिक सुव्यवस्थेला बाध येईल असं वर्तन या इसमाने करू नये म्हणून त्यास स्थानबद्ध करणं आवश्यक असल्याबद्दल खात्री पटली आहे. कशावरून पटली, ते नाही. २९ जून १९७५ च्या वटहुकमाने मिसात, म्हणजे ज्याखाली काकांना नेलं त्या अंतर्गत सुरक्षा कायद्यात, दुरुस्ती झाली होती, कारणं कळवायचं बंधन उरलं नव्हतं. काकांना ती मरेपर्यंत कळली नाहीत. शेवटच्या आजारपणात ते म्हणायचे, "बहुतेक त्या यंत्रमागाच्या सभेमुळे." तीस वर्षांनंतरही अंदाजच.

आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाने मोजलेले आकडे आहेत: मिसाखाली ३४,९८८ आणि भारत संरक्षण नियमांखाली ७५,८१८. त्या प्रत्येक मिसाबंदीच्या घरी कुठल्यातरी पेटीत असाच एखादा कागद असेल. नऊ उच्च न्यायालयांनी म्हटलं होतं, की आणीबाणी असली तरी कैदी आमच्या दारात येऊ शकतो. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक असं ते दार लावून घेतलं. विरोधात एकटे न्या. हंसराज खन्ना, आणि त्याबद्दल त्यांचं सरन्यायाधीशपद हुकलं. बहुमतात आपले यशवंतराव चंद्रचूडही होते. तो निकाल चुकीचा होता हे २०१७ मध्ये त्यांच्याच चिरंजीवांनी, न्या. धनंजय चंद्रचूड यांनी, लिहिलं. एकेचाळीस वर्षं लागली.

दादाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू वकील झालास का तिकडे?"

आता इथलं सांगतो, कारण मी एकोणीस वर्षं इथे राहतो आणि डोळे उघडे ठेवून राहतो. या देशातही इसा नावाचा अंतर्गत सुरक्षा कायदा होता, १९६० चा. जंगलातल्या बंडखोरांशी बारा वर्षं चाललेली आणीबाणी त्याच वर्षी संपली, पण तिची सवय कायद्यात उतरून राहिली. पहिले ६० दिवस पोलिसांच्या हाती, मग मंत्र्याची "खात्री पटली" की दोन वर्षं, आणि ती पुन्हा पुन्हा वाढवता येणारी. शब्द तोच. २७ ऑक्टोबर १९८७ ला धरपकड सुरू झाली. शंभराहून जास्त लोक आत, त्यात विरोधी पक्षनेते लिम किट सियांग होते आणि खासदार कर्पाल सिंग होते. कर्पाल सिंगांना मार्च १९८८ मध्ये इपोहच्या न्यायालयाने सोडलं, कारण त्यांच्यावरच्या आरोपातली एक गोष्ट घडलेलीच नव्हती. काही तासांत त्यांना परत पकडलं. "काही केल्याशिवाय"वाल्यांनी याचं उत्तर द्यावं. जे घडलंच नाही, त्याची खात्री मंत्र्याला कशी पटली होती?

अन्वर इब्राहिम १९७४ मध्ये विद्यार्थी असताना याच कायद्याखाली कामुंटिंगच्या बंदीगृहात वीसेक महिने होते. १९९८ मध्ये पुन्हा आत गेले. २०१२ मध्ये तो कायदा रद्द झाला, २०२२ मध्ये अन्वर पंतप्रधान झाले. मी दादाला म्हटलं, बघ, इथे शिकतात लोक. म्हणताना मला बरं वाटलं, हे कबूल करतो. पण इसाच्या जागी सोसमा नावाचा दुसरा सुरक्षा कायदा आला, त्यातही २८ दिवस ठेवता येतं आणि तो अजून आहे, हे मी त्याला सांगितलं नाही. आपणही मिसा काढला आणि १९८० मध्ये रासुका, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा कायदा, आणला. ४४ व्या घटनादुरुस्तीने स्थानबद्धतेची मुदत आणि सल्लागार मंडळं यांबद्दल जे सुधारून ठेवलं, ते कलम आजवर अमलातच आणलेलं नाही. राज्यघटनेच्या २२ व्या कलमात प्रतिबंधक स्थानबद्धता पहिल्या दिवसापासून बसलेली आहे. आणि दादाचा लाडका नवा कायदा? तो स्थानबद्धतेचा नाही, संघटना बेकायदा ठरवण्याचा आहे, एवढा फरक मला कळतो. पण त्याची सुरुवातही सरकारचं "मत झालं तर" अशीच आहे. पेटीतल्या कागदावर जिथे खात्री होती, तिथे आता मत आलं.

सोलापूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं, याचं मला खरंच वाईट वाटतं. आमच्या गावात १२ मे १९३० पासून ३० जूनपर्यंत मार्शल लॉ होता. गांधी टोपी घातली म्हणून शिक्षा झालेली माणसं आमच्या आजोबांनी पाहिली होती. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. लिंगायत, मुसलमान, मारवाडी, मराठा. १२ जानेवारी १९३१ ला चौघांना येरवड्यात फाशी दिलं. आम्ही शाळेतून चार पुतळ्यांना हार घालायला रांगेने जायचो, गड्ड्याची यात्रा तोंडावर आलेली असायची. काका त्याच येरवड्यात होते. बराकीत संघाचे, समाजवादी, जमातचे सगळे एकत्र. बाळासाहेब देवरसही त्याच तुरुंगात. बाहेर एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं तिथे एकमेकांची पत्रं वाचून दाखवायची. काकूने पाठवलेली शेंगाचटणी वाटून घ्यायची. काकांचे सगळ्यात आवडते किस्से तिथलेच होते. ते सांगताना त्यांनी कधीही म्हटलं नाही, की आम्ही चांगले होतो म्हणून आम्हाला धरायला नको होतं.

दादा शेवटी जे बोलायचं ते बोललाच. "तुला काय जातंय? तू तिथे बसून सांगणार. इथे राहून बघ."

मी उत्तर दिलं, की लांबून नीट दिसतं. आवाजही चढवला. फोन ठेवल्यावर मात्र ती नोव्हेंबर २०१६ ची संध्याकाळ आठवायला लागली, जिच्याबद्दल मी कुणाला बोललेलो नाही.

स्वच्छ निवडणुकांसाठी मोर्चे काढणाऱ्या बर्सिहच्या प्रमुख मारिया चिन अब्दुल्ला यांना मोर्च्याच्या आदल्या दिवशी सोसमाखाली उचललं होतं. एकांतकोठडी, चोवीस तास दिवा. त्या सुटेपर्यंत दातारान मर्देका चौकात रोज रात्री लोक मेणबत्त्या घेऊन बसत होते. माझ्या ऑफिसातली एक मुलगी तिथे जात होती. तिने मला विचारलं, "येतोस?" मी हो म्हटलं. मस्जिद जमेक स्टेशनला एलआरटी, म्हणजे इथली लोकल, थांबली, दारं उघडली, समोरच्या मुलांच्या हातात मेणबत्त्यांची पाकिटं होती. मी उठलो नाही. परदेशी माणसाला इथे निदर्शनात भाग घ्यायला कायद्याने मनाई आहे, माझा इथे राहण्याचा पास मार्चमध्ये संपत होता, मुलगी शाळेत होती. सगळी कारणं खरी होती. दारं मिटली आणि मी घरी येऊन जेवलो. दुसऱ्या दिवशी त्या मुलीने काही विचारलं नाही.

माझी बडबड सोलापूरपुरती आहे. जिथे राहतो तिथे मी गप्प, आणि जिथे बोलतो तिथे मी राहत नाही. दादा म्हणतो ते अर्धं खरं आहे. पण तो चुकतोय ते मी इथे असल्यामुळे बरोबर ठरत नाही, म्हणून परवा परत फोन केला. म्हटलं, पेटीतला तो कागद काढ आणि वाच. वाचायचं सोडून त्याने फोन काकूकडे दिला.

काकू आता ब्याऐंशीची आहे, फोनवर ओरडून बोलते. जेवलास का, पोरगी कशी आहे, सगळं झालं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तिकडं तू मोर्च्याबिर्च्यात जात नाहीस ना रे?"

"नाही, काकू."

"बरं करतोस," म्हणाली.