त्या ५ लाख ३३ हजारांत आमचे आप्पा धरलेत का?

परवा भाचीच्या साखरपुड्यात पंगतीला बसलो आणि दाजींनी परत तोच विषय काढला. "एकशेचाळीस कोटींचा देश, आणि कोविडात गेली किती? ५ लाख ३३ हजार. अमेरिकेत अकरा लाखांवर गेली. इथं उगीच बोंबाबोंब केली लोकांनी." समोर आई बसलेली. तिनं मान खाली घालून भात कालवायला घेतला. मी पंगत मोडायला नको म्हणून गप्प बसले. चार दिवस झाले, तो राग अजून उतरलेला नाही, म्हणून आता लिहितेच.

आप्पा, म्हणजे माझे वडील, २०२१ च्या एप्रिलात गेले. अँटिजेन दोनदा निगेटिव्ह. आरटीपीसीआरचा रिपोर्ट ते गेल्यावर सहा दिवसांनी आला, तोही निगेटिव्ह. एचआरसीटीचा, म्हणजे छातीच्या स्कॅनचा स्कोर २५ पैकी १८. ठेवलं कोविड वॉर्डात, औषधं दिली कोविडची, रेमडेसिवीरसाठी भाऊ रात्रभर मोटरसायकलवर मेडिकल दुकानं पालथी घालत फिरला. अंगावर प्लॅस्टिक गुंडाळून दिलं, तोंड पाहू दिलं नाही. आणि फॉर्म चारवर, म्हणजे डॉक्टर मृत्यूचं कारण लिहून देतात त्या कागदावर, कारण काय लिहिलं? हृदयक्रिया बंद पडली.

अहो, हृदयक्रिया बंद पडल्याशिवाय कोण मेलंय आजवर? त्या फॉर्मवर तात्काळ कारण, त्यामागचं कारण आणि मूळ कारण असं ओळीनं लिहायचं असतं. श्वास थांबला, हृदय थांबलं हे मूळ कारण म्हणून लिहू नका, हे आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, मे २०२० मध्येच सांगितलं होतं. टेस्ट निगेटिव्ह आली तरी लक्षणं कोविडची असतील तर यू०७.२ हा कोड लावा, हेही त्यातच होतं. कागदावर नियम होता. वॉर्डात तो पाळला नाही, आणि सरकारच्या रोजच्या कोविड बुलेटिनच्या आकड्यात बहुतेक ठिकाणी धरले गेले ते टेस्ट पॉझिटिव्ह आलेलेच. म्हणजे ज्याची टेस्ट चुकली, उशिरा झाली किंवा झालीच नाही, तो माणूस मोजणीतून गेला. मृत्यूच्या दाखल्यावर शोधायला जावं तर तिथं कारण लिहीतच नाहीत, १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानंच ते दाखल्यावर उघड करायला मनाई आहे. म्हणजे घरच्यांनी चूक पकडायची तरी कशी?

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते. आकडा कसा जन्माला येतो ते मी हातानं पाहिलंय. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही सरकारची घरोघर तपासणीची मोहीम सुरू झाली तेव्हा ऑक्सिमीटर आणि थर्मल गन घेऊन आम्ही दारोदार फिरलो. "ताप आहे का?" "नाही." "खोकला?" "नाही." आतल्या खोलीतून खोकल्याचा आवाज येतोय आणि दारातली बाई म्हणतेय नाही. तिला भीती होती, नवऱ्याला उचलून कोविड सेंटरला नेतील. कामाला खाडा पडला तर मजुरी बुडेल. मी "नाही" लिहिलं, कारण तिनं तेच सांगितलं. संध्याकाळी त्या सगळ्या "नाहीं"ची बेरीज वर गेली. मी तिला दोष देत नाही. पण त्या बेरजेकडे बोट दाखवून "आमच्या भागात काही नव्हतं" असं कुणी म्हणालं की तळपायाची आग मस्तकात जाते.

आणि रोज संध्याकाळी येणारं ते बुलेटिन! रविवारी टेस्ट कमी व्हायच्या, म्हणून आकडा खाली यायचा आणि लगेच "रुग्णसंख्येत मोठी घट" अशी बातमी. किती टेस्ट झाल्या, त्यात अँटिजेन किती, शंभरात पॉझिटिव्ह किती, हे विचारणारा माणूस नकारात्मक ठरायचा. आज नोंदवलेल्या मृत्यूंपैकी इतके ४८ तासांतले, इतके मागच्या आठवड्यातले, बाकीचे त्याआधीचे, असं आपल्या राज्याच्या बुलेटिनमध्येच लिहिलेलं असायचं. ते वाचायचं कुणी? १६ जून २०२० ला राज्यानं एका दिवसात जुने १,३२८ मृत्यू आकड्यात घातले, त्यातले ८६२ एकट्या मुंबईचे. बिहारनं ९ जून २०२१ ला एका झटक्यात ३,९५१ वाढवले. ही माणसं त्या दिवशी मेली नव्हती, त्या दिवशी मोजली गेली. मग आदल्या दिवशीपर्यंत "मृत्युदर आटोक्यात" असं छातीठोक सांगत होतात ते कशाच्या आधारावर?

रिकव्हरी रेटबद्दल, म्हणजे बरे झालेल्यांच्या टक्क्याबद्दल, तर बोलायलाच नको. सौम्य लक्षणांच्या माणसाला दहा दिवसांनी टेस्ट न करता घरी सोडायचं असं मे २०२० मध्ये ठरलं. एकूण रुग्णांची संख्या रोज साठत जाते, त्यातले बहुतेक जण बरे होणारच असतात, त्यामुळे लाट ओसरली की हा टक्का आपोआप चढतो. सातवीच्या पोराला फळ्यावर दहा मिनिटांत समजेल. पण दोन वर्षं तो आपल्यासमोर पराक्रम म्हणून नाचवला.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० आणि २०२१ मिळून भारतात ४७ लाख जादा, म्हणजे एरवी झाले असते त्याहून जास्तीचे, मृत्यू झाल्याचा अंदाज दिला, की दाजी म्हणतात परदेशी कारस्थान. बरं, ठेवा तो बाजूला. त्या गणिती मॉडेलवर आपल्या सरकारनं आक्षेप घेतला होता, घेऊ दे. आपल्याच सरकारची जन्म-मृत्यूची नोंदवही घ्या. नोंदलेले मृत्यू २०१८ ला ६९.५ लाख, २०१९ ला ७६.४ लाख, २०२० ला ८१.२ लाख आणि २०२१ ला १ कोटी २ लाख. नोंदणी सुधारली म्हणून आकडा दरवर्षी वाढतो, मान्य. पण वर्षाला पाच-सात लाखांनी वाढणारा आकडा एकाच वर्षात २१ लाखांनी कसा वाढला? त्या वर्षातले अधिकृत कोविड मृत्यू साधारण ३ लाख ३२ हजार. उरलेले सगळे कोविडचेच असं मी म्हणत नाही. कुणाचं डायलिसिस चुकलं असेल, कुणाला हार्ट अटॅकमध्ये बेड मिळाला नसेल. पण "नोंदणी सुधारली" एवढ्यावर त्यांची बोळवण करू नका. आणि २०२१ चा हा आकडा बाहेर कधी आला? मे २०२५ मध्ये. चार वर्षं!

ऑक्सिजनचंही तेच. २० जुलै २०२१ ला राज्यसभेत लेखी उत्तर आलं की ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचं राज्यांनी स्वतंत्रपणे कळवलेलं नाही. फॉर्म चारवर आजार लिहितात, सिलिंडर मिळाला नाही हे कुठल्या ओळीत लिहायचं? ज्याची नोंद ठेवायला जागाच नाही, ते "कळवलेलं नाही" हे उत्तर कसं होतं? आप्पांच्या शेवटच्या रात्री वॉर्डात ऑक्सिजनचं प्रेशर कमी झालं होतं. भाऊ तिथंच होता. त्याला विचारा.

चीड मला दुसऱ्या बाजूचीही येते. प्रत्येक कोविड मृत्यूमागे हॉस्पिटलला दीड लाख मिळतात, म्हणून सगळ्यांना कोविड लावतात, असं आमच्याच शाळेतले शिकलेले लोक पुढे पाठवत होते. आकड्याला प्रश्न विचारणं म्हणजे मनात येईल ते बरळणं नव्हे. त्या अफवेपायी लोक दवाखान्यात उशिरा गेले.

आता खरी गोष्ट. सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं कोविडनं गेलेल्यांच्या घरच्यांना ५० हजारांची मदत सुरू झाली, तेव्हा आम्हीही अर्ज केला. फेटाळला. जिल्ह्याच्या तक्रार समितीकडे एचआरसीटीची फिल्म, केसपेपर, औषधांची बिलं घेऊन चार खेपा घातल्या, तेव्हा मंजूर झाला. म्हणजे आप्पा कोविडनं गेले हे सरकारनं मान्य केलं, पैसे आईच्या खात्यात आले. मग राज्याच्या मृतांच्या आकड्यात ते आले का? खिडकीवरचे साहेब म्हणाले, "ताई, ते खातं वेगळं."

जानेवारी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर आलेले आकडे बघा. महाराष्ट्रात नोंदलेले मृत्यू १ लाख ४१ हजार, आलेले अर्ज २ लाख १३ हजार. सगळेच अर्ज खरे नसतील, दुबार असतील, धरून चालू. पण गुजरातेत नोंदलेले मृत्यू १० हजारांच्या आसपास आणि मंजूर झालेले अर्ज ६८ हजारांवर! तपासून, कागद बघून, सरकारनंच मंजूर केलेले. ज्यांच्यासाठी तिजोरीतून पैसे दिले, ती माणसं मृतांच्या यादीत का नाहीत?

श्रावणात धाकट्या भाचीचं बारसं आहे, दाजी येतीलच. या वेळी मी गप्प बसणार नाही. ५ लाख ३३ हजार म्हणाले की तिथंच विचारणार आहे: दाजी, हा आकडा कुणी मोजला, कुठली टेस्ट धरून मोजला, आणि आई समोर बसलीय, तिला सांगा, त्यात आप्पा आहेत की नाहीत?