मनातले मांडे, चार हातांनी

चित्रप्रदर्शनाचं बोलावणं आलंय, चहा-खारी आहे, ओळखीचे चार लोक येणार आहेत आणि तुम्हाला चित्रातलं ओ की ठो कळत नाही? बिनधास्त जा. चित्रात काय दिसतं ते सांगण्याचे दिवस गेले. आता चित्रात काय दडलंय ते सांगायचं असतं, आणि हे काम फार सोपं आहे. दिसणारं सांगताना चूक पकडली जाते. दडलेलं सांगताना चूक पकडणार कोण? चित्रकार? तो बिचारा म्हणेल, "अहो, असलं काही माझ्या मनातसुद्धा नव्हतं." की त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि मायेनं म्हणायचं, "म्हणूनच तर!" मनात नव्हतं म्हणजे नेणिवेत होतं. झालं, विषय मिटला.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्याच चित्रावर हा प्रयोग झालाय, आणि तोही आमच्या बेळगावात.

शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालो, तेव्हापासून वही घेऊन गल्लोगल्ली फिरायचा नाद लागलाय. शहापूरच्या एका गल्लीत एक आक्का मांडे करतात. चुलीवर काळंभोर खापर पालथं घातलेलं. साखरेचं सारण भरलेली पोळी लाटून झाली की त्या ती दोन्ही हातांवर घेतात आणि या हातावरून त्या हातावर खेळवत राहतात. ती लोंबते, पसरते, कोपरापर्यंत येते, आणि शेवटी इतकी पातळ होते की पलीकडच्या चुलीचा जाळ तिच्यातून दिसतो. मग एका झटक्यात खापरावर. गरम आहे तोवर घडी घालायची, नाहीतर मोडतो. हे सगळं बघत बघत मी बॉलपेननं चित्र काढत होतो. हात वर होते तेव्हा वर काढले. काढून होईपर्यंत ते खाली आले, म्हणून खालीही काढले. बॉलपेन खोडता येत नाही. हात चार झाले. सुरुवात हातांपासून केली होती, त्यामुळे मानेपर्यंत येईतो कागद संपला. शेजारी चुंबळीवर पाण्याची घागर होती, ती कोपऱ्यात बसवली. सकाळी त्याच वहीवर ठेवून पोहे खाल्ले होते, त्याचा पिवळा डाग उजवीकडे राहिला.

तर चार हात, डोकं नाही, वेटोळं, घागर आणि पिवळं. बेळगाव जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला यापेक्षा जास्त काय हवं?

आता शिका. प्रदर्शनात शिरल्यावर पहिल्यांदा हात मोजायचे. दोन असतील तर पुढच्या चित्राकडे जा. तीन असले तरी चालतील, चौथा पाठीमागे आहे म्हणायचं. वाकडी रेघ दिसली की सोंड, उभी दिसली की त्रिशूळ. देव नेमका कोणता, हे ठरवायला पुराणं चाळत बसू नका. किराणा दुकानाच्या कॅलेंडरवर जो जसा दिसतो तो तसाच. राजा रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वतीला साड्या नेसवून घरोघरी पोचवलं. तेव्हापासून आपल्या नेणिवेतल्या देवींचं नेसणं-सवरणं त्या छापखान्याच्या धोरणानं चाललंय. पण हे मोठ्यानं बोलायचं नाही. मोठ्यानं फक्त 'आदिम', 'आदिबंध' आणि 'मातृशक्ती' हे तीन शब्द बोलायचे. क्रम कोणताही.

माझ्या चित्रापुढे ज्यांनी पहिल्यांदा हात मोजले ते गृहस्थ थोडा वेळ डोळे मिटून उभे राहिले. मग म्हणाले, "ही रेणुका आहे." शेजारचे सद्गृहस्थ कन्नडमधून म्हणाले, "छे, ही यल्लम्मा." दोघंही दर मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीच्या डोंगरावर एकाच रांगेत उभे राहतात, एकाच मूर्तीपुढे हात जोडतात आणि कपाळाला तोच भंडारा लावून घरी येतात. तरी वाद अर्धा तास चालला. १९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, २००४ पासून सीमावादाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे, २०१४ साली बेळगावचं बेळगावी झालं. पण माझी नेणीव नेमकी कोणत्या राज्यात मोडते, हे त्या दिवशी पहिल्यांदाच ऐरणीवर आलं. मी मधे पडून "अहो, त्या मांडे करतात" म्हणालो, तर दोघांनीही एकमतानं मला गप्प बसवलं. सीमाभागात असं एकमत क्वचित होतं, म्हणून मीही गप्प बसलो.

पुरावे भक्कम होते हे मात्र मान्य करायला हवं. रेणुका रोज वाळूची घागर घडवायची आणि सापाची चुंबळ करून पाणी आणायची, ही गोष्ट इथल्या पोराटोरांना पाठ असते. म्हणजे माझी फडक्याची चुंबळ हा साप. परशुरामानं आईचं शिर उडवलं, म्हणजे माझा संपलेला कागद हा परशू. आणि पोह्यांचा डाग हा भंडारा. तो पोह्यांचा आहे असं मी सांगितलं, तेव्हा एका ताईंनी विचारलं, "पण पोहे तिथेच का सांडले?" याला माझ्याकडे खरोखरच उत्तर नव्हतं.

इथं तुम्ही विलायती आधार द्यायचा. चित्रकार लिओनार्दो दा विंचीची गोष्ट घ्या, ती कधी वाया जात नाही. लिओनार्दोनं लहानपणची एक आठवण लिहून ठेवली होती: पाळण्यात असताना एक पक्षी आला आणि त्यानं शेपटीनं त्याचं तोंड उघडलं. मूळ इटालियन शब्द 'निब्बिओ', म्हणजे घार. जर्मन भाषांतरात त्याचं झालं गिधाड. नेणिवेचा थांग घेणाऱ्या व्हिएन्नाच्या डॉक्टर फ्रॉइडनं १९१० साली त्या गिधाडावर निबंध लिहिला. गिधाडावरून तो इजिप्तच्या 'मुत' या मातृदेवतेपर्यंत पोचला, तिथून लिओनार्दोच्या आईपर्यंत आणि तिथून त्याच्या साऱ्या आयुष्यापर्यंत. पुढे १९१३ साली पफिस्टर नावाच्या त्याच्या एका स्विस चाहत्याला लुव्र संग्रहालयातल्या चित्रात, मेरीच्या निळ्या वस्त्राच्या घड्यांत, ते गिधाड प्रत्यक्ष दिसलं! चोच, मान, शेपूट, सगळं. १९१९ च्या आवृत्तीत फ्रॉइडनं त्याची दखलही घेतली. १९२३ साली एका इंग्रज अभ्यासकानं दाखवून दिलं की अहो, ती घार होती. आता लिओनार्दोनं न पाहिलेलं गिधाड लिओनार्दोच्याच नेणिवेतून कापडावर कसं उतरलं, असं कुणी विचारलं तर चहा आणायला जा.

भाषांतराची ही करामत आमच्याकडेही झाली, आणि मला वाटतं फ्रॉइडपेक्षा सरस झाली. चित्राखाली मी चिठ्ठी लावली होती: 'मांडे'. आयोजकांना कन्नड पाटीही हवी होती. मांड्याला कन्नडमध्ये 'मंडिगे' म्हणतात. ते लोकही आपल्यासारखेच मनातल्या मनात मंडिगे खातात, म्हणसुद्धा तीच. पण पाटी रंगवणारा पोरगा घाईत होता. त्यानं माझाच शब्द कन्नड अक्षरांत उतरवला आणि उतरवताना एक काना खाल्ला. झालं 'मंडे'. कन्नडमध्ये मंडे म्हणजे डोकं.

बिनडोक्याच्या बाईचं चित्र आणि खाली ठळक अक्षरांत 'डोकं'.

हॉलमध्ये क्षणभर शांतता पसरली. रेणुकावाले आणि यल्लम्मावाले दोघंही माझ्याकडे बघू लागले. आधी ज्यांनी डोळे मिटले होते त्यांनी आता ते उघडले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "शिर चित्रातून काढून तुम्ही ते शीर्षकात ठेवलंत." मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं. पण तीस वर्षं शाळेत शिकवताना इतकी शांतता मला एकदाही मिळाली नव्हती. मी मान खाली घातली. लोकांनी त्याला विनय म्हटलं.

तुम्हालाही कधी असा प्रसंग आला तर पुढचा प्रश्न तयार ठेवा: "लहानपणी आईनं तुम्हाला डोंगराला नेलं होतं का?" या भागात हे विचारणं म्हणजे लहानपणी चहात पाव बुडवून खाल्ला होता का, असं विचारण्यासारखं आहे. उत्तर होकारार्थीच येतं. मलाही हो म्हणावं लागलं. आईच्या कडेवरून पाहिलेली गर्दी, 'उदं गं आई उदं'चा गजर, नाकात गेलेली हळद आणि त्यावर आलेली शिंक, एवढं आठवतं. (खरं म्हणजे ती शिंकच जास्त आठवते.) विचारणाऱ्यांनी ते सगळं वहीत उतरवून घेतलं, शिंक सोडून.

हिंदू देवांचा आणि फ्रॉइडचा संबंध काय, अशी शंका कुणी काढलीच तर सांगा: १९२२ साली कलकत्त्यात मनोविश्लेषण मंडळ काढणाऱ्या गिरींद्रशेखर बोस यांच्याकडून १९३१ साली, फ्रॉइडच्या पंचाहत्तरीला, हस्तिदंताची विष्णुमूर्ती व्हिएन्नाला गेली. फ्रॉइडनं ती टेबलावर मांडली. पुढे तिला तडे गेले. हस्तिदंत कोरड्या हवेत तडकतं, हे कारण मात्र सांगू नका. सगळ्या गोष्टींना कारणं सापडायला लागली तर तुम्हाला पुन्हा कोण बोलावणार?

आणखी एक पथ्य. रोर्शाख या स्विस डॉक्टरचं नाव चुकूनही काढू नका. त्यानं १९२१ साली शाईच्या डागांची दहा पत्रं छापली. डागात काय दिसतं ते रोग्याला विचारायचं आणि उत्तरावरून रोगी ओळखायचा, डाग नव्हे. हा माणूस आपल्या धंद्याच्या मुळावर आलेला आहे. रेणुका कुणाला दिसली, यल्लम्मा कुणाला दिसली आणि पोहे कुणालाच का दिसले नाहीत, असल्या चौकशीत शिरलात तर परतीचा रस्ता नाही.

शेवटचं पथ्य म्हणजे ज्याचं चित्र आहे त्याला ते दाखवायला जाऊ नका. मी गेलो. प्रदर्शन आटोपलं आणि दुसऱ्याच दिवशी वही घेऊन शहापूरच्या गल्लीत पोचलो. आक्कांनी पदराला हात पुसले, वही लांब धरली, मग जवळ धरली.

"चार हात काढलासा व्हय मास्तर? बरं केलासा. लग्नसराईत चार बी पुरत न्हाईत."

मी म्हणालो, डोकं राहिलं, कागद संपला.

"डोसकं ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या आणि पिठाचं बोट मांड्याच्या रेघेवर टेकवलं. ती रेघ मी दोनदा गिरवली होती. "पण मांडा लई जाड काढलासा की हो. असला जाड मांडा गिऱ्हाईक माझ्या तोंडावर मारंल."